डफावरचे आणि जात्यावरचे विद्रोही गाणे

महाराष्ट्रातील विद्रोही शाहिराचा पेशा तमाशाच्या पोटी जन्मला. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या विचाराच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जलसे उभे केले. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. जलशाने तो क्रम फारसा मोडला नाही, आतला माल बदलला. बतावणीतल्या सवालजबाबात सावकाराचे खाते आणि भटजीची दक्षिणा आली. 1930 च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा रंगवला. त्यात शाळा, मंदिरप्रवेश, मेलेले ढोर ओढण्याचे काम सोडणे असे विषय असत. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्यावर सगळे भागे.

मराठवाड्यातला बीड जिल्हा त्या काळात निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे गश्ती निशाण 53 या फर्मानामुळे जाहीर सभेला सरकारी परवानगी लागे. मुंबई इलाख्यातल्या शाहिराला पोलिसांची भीती होती खरी, पण बीडकडच्या माणसाला सभा भरवण्यापासूनच अडचण होती. घरातल्या जात्याला मात्र परवाना लागत नव्हता. पहाटे दळताना बायका ओवी रचत. तिचा श्रोता म्हणजे खुंट्याच्या पलीकडे बसलेली दुसरी बाई.

या ओवीचा बीड जिल्ह्यातला मोठा पुरावा माजलगावात सापडतो. हेमा राईरकर आणि गी पोइतवाँ या पुण्यातल्या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. 1996 मध्ये माजलगावच्या भीमनगरात बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रण झाले, त्यात बाबासाहेब आंबेडकर आणि बुद्ध यांच्यावरच्या ओव्या होत्या. ओवीत पूर्वी विठ्ठलाची किंवा माहेरच्या भावाची जी जागा असे, तिथे बाबासाहेब आले. चाल तीच, जिव्हाळा तोच, दैवत तेवढे नवे. पिठाच्या गिरण्यांनी जाते बंद पाडले होते, पण ओवी पाठ होती. 2017 पासून हा संग्रह ‘पारी’ या संस्थेने लोकांसमोर आणायला सुरुवात केली. शाहिरीच्या इतिहासात या बायकांना जागा मिळत नाही, कारण त्या कधी मंचावर चढल्या नाहीत. ही त्या इतिहासाचीच उणीव म्हणायला हवी.

मंचावरच्या शाहिरीला मोठे वळण 1944 मध्ये मिळाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अमर शेख सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे. मुंबईच्या गिरणगावातल्या हजारोंच्या सभेत पोचणारा पहाडी आवाज ही त्यांची ओळख होती. त्याच सुमारास वामनदादा कर्डक मुंबईत लिहू लागले. सिन्नरजवळच्या देशवंडीत 1922 मध्ये जन्मलेल्या या माणसाने 2004 पर्यंत गावामागून गाव पालथे घातले. ज्याच्या घरी मुक्काम, त्याच्या घरी जेवण, आणि रात्री चौकात गाणे, असा त्यांचा हिशेब. मिळकतीच्या दृष्टीने हा पेशा कधीच परवडणारा नव्हता. 1980 नंतर कॅसेटमुळे भीमगीतांना बाजार मिळाला, पण त्याचा फायदा गाणी लिहिणाऱ्यांपेक्षा ती विकणाऱ्यांना जास्त झाला.

1972 मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी ‘साधना’ साप्ताहिकातल्या राजा ढाले यांच्या लेखाने स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला आव्हान दिले. पाच वर्षांनी लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडने राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात तिच्याविरुद्धच गाणे काढले. बीबीसीने ते वाजवायला नकार दिला. दोन्हीकडे राग होता आणि साधने स्वस्त होती. फरकही मोठा होता. पंकमध्ये गाता न येणे हीच ऐट मानली गेली. मराठी श्रोत्याला मात्र बेसूर शाहीर चालत नाही, मग तो कितीही क्रांतिकारक असो.

मराठवाड्यात विद्रोही गाण्याला सर्वांत मोठी झळ नामांतराच्या काळात बसली. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्या वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले, बीड मात्र औरंगाबादच्या विद्यापीठाकडेच राहिला. त्यामुळे अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर ज्या नावासाठी सोळा वर्षे भांडण झाले तेच नाव छापलेले असते.

शाहिरांची पुढची पिढी मुंबईच्या आव्हान नाट्यमंचाची. त्यातल्या विलास घोगरे यांनी मुंबईच्या रमाबाई नगरातल्या 11 जुलै 1997 च्या पोलिस गोळीबारानंतर चार दिवसांनी जीवन संपवले. त्या गोळीबारात दहाजण मारले गेले होते. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा 2011 चा माहितीपट घोगऱ्यांपासून सुरू होतो. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी 2 एप्रिल 2013 रोजी विधानभवनाबाहेर स्वतःला पोलिसांच्या हवाली केले.

घोगऱ्यांचे सहकारी संभाजी भगत हे साताऱ्याकडच्या महू गावचे. त्यांच्या गाण्यांवर ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक 2012 मध्ये रंगमंचावर आले. लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातले, दिग्दर्शक नंदू माधव मूळचे बीड जिल्ह्यातल्या गेवराईचे, आणि नटांत मराठवाड्यातले तरुण. जलशाची बतावणी इथे पुन्हा भेटते. फक्त वाद शिवाजी महाराजांच्या विचारांवर आहे आणि यमराज प्रेक्षकांत हिंडतो. भगतांनीच पुढे ‘कोर्ट’ या चैतन्य ताम्हाणे यांच्या चित्रपटाला संगीत दिले. त्यातल्या म्हाताऱ्या शाहिरावर आरोप असतो तो एका गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केल्याचा. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साथीदार एप्रिल 2021 मध्ये करोनाने गेले.