मुक्ताबाईच्या जत्रेतला मिस्टर इंडिया

आमच्या आजीनं आयुष्यात पाहिलेले सिनेमे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, आणि तेही सगळे जत्रेतल्या तंबूत. 'संत तुकाराम' आपण परकर नेसायच्या वयात पाहिला, असं ती सांगायची. 'जय संतोषी माँ'च्या वेळी बायकांनी चपला तंबूबाहेर काढून ठेवल्या होत्या, हेही तिच्याच तोंडून ऐकलेलं. पण तिचा जीव जडला तो 'मिस्टर इंडिया'वर. देवादिकांच्या पंक्तीत तिनं अनिल कपूरला कसा काय बसवला, याचा उलगडा मला बऱ्याच उशिरा झाला.

सिनेमा आला मे 1987 मध्ये. दिग्दर्शक शेखर कपूर, निर्माते बोनी कपूर, आणि लेखणी सलीम-जावेद यांची. ही जोडी तोवर फुटलेली होती, त्यामुळे दोघांचं नाव एकत्र लागलेला हा शेवटच्या सिनेमांपैकी एक. त्याच वर्षी जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं होतं आणि रविवारी सकाळी आमच्या आळीत ज्या एका घरी टीव्ही होता तिथं पडवी भरून माणसं उंबऱ्याबाहेर बसायची. पण 'मिस्टर इंडिया' आमच्याकडं यायला पुढची जत्रा उजाडावी लागली. की त्याच्याही पुढची? थोरली बहीण म्हणते तिच्या सातवीच्या वर्षी, आई म्हणते धाकट्याच्या जावळाच्या वर्षी. दोघींचा हिशेब काही जुळत नाही.

त्याआधी तो आमच्या घरी आला नानांच्या तोंडून. नाना म्हणजे धाकटे चुलते, मुंबईला डबेवाले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातली किती घरं या धंद्यावर उभी आहेत, ते इथल्या माणसाला सांगायला नको. चैत्रात गावोगावच्या जत्रा येतात म्हणून डबेवाले आजही सुट्टी टाकून गावी येतात. नाना आले की पहिल्या रात्री ओट्यावर बसून मुंबईत पाहिलेला सिनेमा अथपासून इतिपर्यंत सांगायचे. त्यांना हिरोपेक्षा कॅलेंडर आवडलेला. कॅलेंडर म्हणजे त्या घरातला स्वयंपाकी, सतीश कौशिकनं केलेला. पोरक्या पोरांचं घर, वाण्याची उधारी थकलेली, घरभाडं थकलेलं, आणि हा बाबा डब्यात काही नसतानाही पोरांना जेवायला हाक मारणारा. "दुसऱ्याच्या पोटात वेळंवर घास गेला पायजे, त्याचं दुःख त्याला म्हाईत," नाना म्हणायचे. उभा जन्म दुसऱ्यांच्या जेवणाचे डबे डोक्यावर वाहिलेल्या माणसाला तो स्वयंपाकी जवळचा वाटला, यात नवल नाही.

नारायणगावची मुक्ताबाईची जत्रा म्हणजे पहिलं नाव तमाशाचं. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन आपापल्या जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. पण बाईमाणूस तमाशाला जात नसे. बायकांसाठी आणि पोरांसाठी उरायचा तो सिनेमाचा तंबू. दिवसभर गाडीवरचा कर्णा गावभर ओरडत फिरायचा. दुपारी पुरणपोळी-गुळवणी, दुसऱ्या दिवशी पाव्हण्यारावळ्यांना मटणाचा रस्सा, ज्यांच्याकडं मटण चालत नाही त्यांच्याकडं मासवडी. जुन्नर भागातल्या मासवडीला तोड नाही, हे मी कुठंही सांगायला तयार आहे. बेसनाच्या पातळ पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायचं, वड्या पाडायच्या आणि वर झणझणीत रस्सा. आजीच्या वड्या कधी रश्श्यात फुटल्या नाहीत.

रात्री तंबूत खाली घोंगडी टाकून बसायचं. मधोमध दोर बांधलेला, एकीकडं बाया, दुसरीकडं बाप्ये. मशीन मागं. त्यात कार्बनच्या काड्या जळायच्या आणि त्या झिजतील तशा ऑपरेटरला पुढं सरकवाव्या लागायच्या. त्याचं ध्यान दुसरीकडं गेलं की पडदा आधी पिवळा, मग तांबूस व्हायला लागायचा. एरवी त्यावर शिट्ट्या पडत. त्या रात्री मात्र पोरं खूष, कारण या सिनेमातला अदृश्य माणूस दिसतो तोच मुळी लाल उजेडात. पडदा तांबडा पडला की आमच्यातला कोणीतरी ओरडायचा, "आला, आला, दिसंल आता!" दुसऱ्या दिवशी जत्रेत लाल काचांचे प्लॅस्टिकचे चष्मे असे खपले की दुपारनंतर फक्त हिरवे उरले.

हातातलं कडं दाबलं की माणूस नाहीसा होतो, हे आजीनं एका झटक्यात मान्य केलं. तिच्या लेखी तो ताईत होता. शास्त्रज्ञ बापानं मुलासाठी मागं ठेवलेला. नात्यातल्या एका शिकलेल्या भावानं तिला हटकलं, असं काही नसतंय म्हणून. त्यावर आजीनं त्याला आर्वीची थाळी दाखवली. नारायणगावजवळ आर्वीला 1971 साली उपग्रह केंद्र झालं. परदेशाशी उपग्रहावाटे बोलणं सुरू झालं ते तिथून, आणि त्याला पुढं विक्रम साराभाईंचं नाव दिलं. "त्या थाळीतनं साता समुद्रापल्याड माणसांचं बोलनं जातंय. जाताना तुला दिसतंय का?" भाऊ गप्प बसला. पुढं खोडदच्या आसपास रेडिओ दुर्बिणीच्या 45-45 मीटरच्या 30 थाळ्या उभ्या राहिल्या, आकाशातनं येणारं न दिसणारं टिपायला. तेव्हा आजीला आपलं म्हणणं सरकारनंच मान्य केल्यासारखं वाटलं.

तंबूत सगळ्यात मोठा आवाज उठला तो हनुमानाच्या प्रसंगाला. तो गोरा व्हिलन, बॉब क्रिस्टो, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. हनुमानाची मूर्ती अधांतरी येते आणि त्याला बडवते. बाप्यांच्या बाजूनं फेटे उडाले, बायांनी हात जोडले. मूर्ती कोणी धरली आहे ते आम्हा पोरांना ठाऊक होतं. आजीलाही ठाऊक असणार, पण हात तिनंही जोडले. ही सगळी करामत कॅमेऱ्याची. पीटर परेरा नावाच्या कसबी माणसानं ती साधली, संगणकाचा जमाना यायच्या कितीतरी आधी. आज तो सिनेमा पाहताना कुठं कुठं जोड दिसते, पण त्या मूर्तीच्या मागं मला अजून काही दिसत नाही.

आजी रडली मात्र भलत्याच ठिकाणी. त्या पोरक्या पोरांतली छोटी टीना बॉम्बस्फोटात जाते तेव्हा सगळा तंबू रडला, ते वेगळं. आजीच्या डोळ्याला पदर गेला त्याच्या कितीतरी आधी, वाण्याच्या दुकानातल्या प्रसंगाला. रूपचंद नावाचा वाणी धान्यात खडे मिसळून विकतो, आणि पुढं मिस्टर इंडिया अदृश्य होऊन तेच खडे त्याला खायला लावतो. सगळे हसत होते. मी तिच्या मांडीला टेकून बसलो होतो, म्हणून मला तिचं हलणं कळलं.

त्याचं कारण बाहत्तर सालात होतं. 1972 चा दुष्काळ आमच्या पूर्वेकडच्या वाड्यांना फार लागला. विहिरींचे तळ दिसले, जनावरं मिळेल त्या भावानं गेली. सरकारनं कामं काढली, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि रस्त्यांसाठी खडी. आजी खडी फोडायला जायची. आजोबा दम्यानं घरी, थोरले काका मुंबईला गिरणीत, पदरात बाकीची पोरं. उन्हात बसून हातोड्यानं दगड फोडायचा, ढीग मोजून घ्यायचा. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून घरी आणायची. रेशनला अमेरिकेची मिलो, तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापता थापता चिरायची. आजीच्या हातची भाकरी कधी चिरली असेल तर ती त्या एका वर्षात.

आणि त्या धान्यात खडे असायचे. मी लहानपणी तिला सूप घेऊन बसलेली पाहिली आहे, पुढं सुकाळ आल्यावरही. सूप गुडघ्यावर तिरपं धरायचं, दोन झटके देऊन पाखडायचं, मग उजव्या हाताच्या तर्जनीनं दाणे ओळीनं बाजूला सारत जायचं. खडा दिसला की तो फेकायची नाही. डाव्या मुठीत ठेवायची. शेवटी मूठ उघडून बघायची, आणि मग उकिरड्यावर टाकायची. असं का, हे मी विचारलं होतं. "दिसभर खडी फोडली तवा ते पैसं मिळालं. त्या पैशात पुन्यांदा खडंच देत व्हता मेला." कोणत्या दुकानदाराबद्दल बोलत होती ते तिनं सांगितलं नाही, आणि आता सांगायला कोणी उरलं नाही. पण ज्याला खडे चारावेत असं तिला तेव्हा वाटलं होतं, त्याला पंधरा-सोळा वर्षांनी पडद्यावर कोणीतरी खडे चारले.

मुंबईच्या परीक्षणांत तेव्हा काय लिहून आलं असेल ते असो. श्रीदेवीचं 'हवाहवाई', चॅप्लिनच्या वेशातला तिचा धुमाकूळ, अमरीश पुरींचा मोगॅम्बो आणि त्याचं ते तीन शब्दांचं वाक्य, हे सगळं आम्हा पोरांना पाठच झालं. मोगॅम्बो व्हायला तर आमच्यात भांडणं लागायची. पण आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी त्यात पाहिलं ते उपाशी घर. थोरले काका 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबई सोडून आले होते. ते फारसे बोलत नसत. 'मिस्टर इंडिया'तल्या थकलेल्या उधारीच्या प्रसंगानंतर ते उठून तंबूबाहेर जाऊन आले, असं नाना सांगतात. बिडी ओढायला गेले असतील, असं आई म्हणते.

आता शेवटच्या मारामारीबद्दल. कितीकांना आठवत नसेल, पण शेवटी ते कडं हरवलेलं असतं. मोगॅम्बोच्या पुढ्यात उभा राहतो तो अनिल कपूरचा साधा अरुण, दिसणारा, मार खाणारा. आमच्यातली पोरं या ठिकाणी हिरमुसली होती. आजीला मात्र तिथंच तो पटला. सिनेमा सुटल्यावर अंधारात चालत घरी येताना ती म्हणाली, "बाबू गेनूकडं तरी कुठं ताईत व्हता?"

आजीचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, महाळुंगे पडवळच्या अंगालगतची वाडी. बाबू गेनू सैद महाळुंग्याचा. गरिबाचं पोर, मुंबईला गिरणीत कामाला. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाची लॉरी अडवायला तो पुढं झाला, आणि लॉरी अंगावरून गेली. वय बावीस. आजी तेव्हा रांगत असेल नसेल. तिचे वडीलही त्या काळात मुंबईला होते. ते त्या गर्दीत होते, असं आजी सांगायची. तिचा भाऊ म्हणायचा, वडील रात्रपाळी करून झोपले होते आणि दुपारी त्यांना कळलं. काही असो, ती बातमी त्या वाडीत आली ती वडिलांच्या तोंडून, आणि त्यांनी ती लेकरांना इतक्यांदा सांगितली की आजी लॉरीचा आवाजसुद्धा काढून दाखवायची. पुढं घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं, आणि त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव मिळालं. एस.टी.तून भीमाशंकरला जाताना पाणी दिसलं की आजी हात जोडायची. बुडालेल्या गावाला की बाबूला, ते मी विचारलं नाही.

आजी गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. अमरीश पुरी 2005 मध्ये गेले, श्रीदेवी 2018 मध्ये, सतीश कौशिक 2023 मध्ये. या सिनेमासाठी गायलेले किशोरकुमार तर तो आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. नानांनी डबे पोचवणं सोडलं, गुडघ्यांनी साथ दिली नाही. जत्रेत सिनेमाचा तंबू येत नाही. त्या जागेवर आता पाळणे लागतात.

गेल्या दिवाळीत मी पुतण्याला घेऊन 'मिस्टर इंडिया' पुन्हा पाहिला, नानांच्या घरी, मोठ्या टीव्हीवर. पुतण्या ॲव्हेंजर्सवर वाढलेला. पहिला अर्धा तास त्याला लांबला, आणि खरं सांगायचं तर मधली काही गाणी मलाही लांबली. पण पोरांच्या जेवणाचे प्रसंग तसूभरही जुने झालेले नाहीत. वाण्याच्या दुकानाचा प्रसंग आला तेव्हा पुतण्यानं विचारलं, धान्यात खडे कशाला टाकतील? त्याच्या घरात धान्य पिशवीत येतं, निवडून, चाळून. नानांनी सिनेमा थांबवायला लावला आणि मिलोपासून सुरुवात केली. जेवणं थंड झाली, काकू दोनदा हाक मारून गेली. पोरानं सूप कसं धरतात तेही विचारून घेतलं.

तुमच्या घरात बाहत्तर साल पाहिलेलं कोणी अजून असेल, तर हा सिनेमा एकदा त्यांच्याशेजारी बसून पाहा. वाण्याचा प्रसंग आला की तिथं थांबवा आणि त्यांना बोलू द्या.