बचावात गेलेली हयात

परळच्या मैदानावर मी मुलींना कबड्डी शिकवते, त्यातही मुख्यतः पकडी. चढाईपटूचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. तिला अडवणाऱ्या साखळीचं क्वचित येतं, आणि ती साखळी बांधायला शिकवणाऱ्याचं कधीच येत नाही. म्हणूनच असेल, मुलीकडे पिट्सबर्गला राहायला गेले आणि जावयाबरोबर स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने बघू लागले, तेव्हा चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपेक्षा माझी नजर त्याला घेरणाऱ्यांवर खिळली. त्यांना घडवणारे प्रशिक्षक होते डिक लेबो. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून १९५९ ते २०१७ असे सलग ५९ हंगाम त्यांनी एनएफएल या लीगमध्ये काढले. अमेरिकन फुटबॉलचा इतिहास आक्रमण करणाऱ्यांच्या नावाने सांगायची पद्धत आहे. मला तो लेबोंच्या बाजूने सांगायचा आहे.

लेबो १९३७ साली ओहायो राज्यातल्या लंडन नावाच्या छोट्या गावात जन्मले. ओहायो स्टेट विद्यापीठात वुडी हेज या करड्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळले; त्या संघाने १९५७ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मान मिळवला. १९५९ मध्ये क्लीव्हलँडने त्यांना खेळाडू-निवडीच्या पाचव्या फेरीत घेतलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच काढून टाकलं. डेट्रॉइट लायन्सने घेतलं, आणि तिथे ते १४ हंगाम टिकले. त्यांची जागा कॉर्नरबॅकची. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत वेगवान गड्यासमोर उलट्या पावलांनी पळायचं, तो कुठे वळणार हे त्याच्या कमरेवरून ओळखायचं. चुकलं तर अख्ख्या स्टेडियमसमोर चुकायचं. या जागेवर त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या ६२ फेकी मधल्यामध्ये पकडल्या आणि सलग १७१ सामने एकही न चुकवता खेळले.

१९७२ च्या हंगामानंतर खेळणं थांबलं आणि पुढच्याच वर्षी शिकवणं सुरू झालं. आधी फिलाडेल्फिया, मग ग्रीन बे आणि १९८० मध्ये सिनसिनाटी. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम घडलं ते या तिसऱ्या गावात.

तिथे एक जुना धागा होता. सिनसिनाटीच्या ग्रेग कुक या तरुण क्वार्टरबॅकचा खांदा १९६९ मध्ये जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरच्या हातात लांब फेकीची ताकद नव्हती. तेव्हा संघाचे सहायक प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याच्यासाठी छोट्या, झटपट, आखीव फेकींची पद्धत बांधली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन याच पद्धतीवर वॉल्श यांनी साम्राज्य उभारलं. जानेवारी १९८२ मधल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्यांनी सिनसिनाटीलाच २६–२१ असं हरवलं. हरलेल्या संघाच्या मागच्या फळीचे प्रशिक्षक होते लेबो.

१९८४ मध्ये वॉल्श यांचे शिष्य सॅम वाइश सिनसिनाटीचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि बचावाची सूत्रं लेबोंकडे आली. म्हणजे ज्या आक्रमणाने सगळी लीग हैराण झाली होती, ते लेबोंना आता रोज स्वतःच्याच सरावात समोर दिसू लागलं.

प्रश्न असा होता. क्वार्टरबॅकवर नेहमीच्या चारऐवजी पाच-सहा जण सोडणं, म्हणजे ब्लिट्झ. पण ती करताना मागे उरलेल्यांना एकास एक गडी सांभाळावा लागतो. एक जरी निसटला तरी थेट टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार. वॉल्श यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक हेच हेरायचा. जो बचावपटू धावून आला त्याचीच जागा मोकळी झाली, म्हणून चेंडू झटकन तिथेच टाकायचा. लेबो लुईझियानाला बिल आर्न्सपार्गर यांना भेटायला गेले. मायामीच्या गाजलेल्या बचावाची आखणी करणारे हे जाणते गुरू. त्यांचं म्हणणं होतं की दडपण आणावं, पण मागची फळी उघडी न टाकता. हेच सूत्र लेबोंनी मनावर घेतलं.

त्यातून झोन ब्लिट्झ उभी राहिली. पुढच्या रांगेतला धिप्पाड गडी येणार असं भासवून दोन पावलांत मागे सरतो आणि चेंडू जिथे पडायचा नेमक्या त्याच जागी उभा राहतो. त्याच क्षणी भलत्याच बाजूने दुसरा कोणी घुसतो. येणारे पाचच, पण कोणते पाच हे शेवटपर्यंत कळत नाही. मागचे सगळे आपापला टापू राखून क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडे बघत असतात. कबड्डीत कोपरारक्षक पाऊल पुढे टाकून चढाईपटूची नजर बांधून ठेवतो आणि साखळी दुसऱ्या अंगाने मिटते, तसंच हे. यात ताकदीपेक्षा एकमेकांवरचा विश्वास जास्त लागतो, हे मी रोज मैदानावर बघते.

या कल्पनेने लेबोंना लगेच जिंकून दिलं नाही. जानेवारी १९८९ मध्ये मायामीतल्या सुपर बोलमध्ये पुन्हा वॉल्श समोर आले. लेबोंच्या बचावाचा मधला खांब टिम क्रमरी पहिल्याच सत्रात पाय मोडून बाहेर गेला. चौथ्या सत्राच्या सुरुवातीला लुईस बिलप्सच्या हातात आलेली फेक निसटली आणि लगेच पुढच्याच डावाला सॅन फ्रान्सिस्कोने टचडाउन केलं. तरीही अखेरची तीन मिनिटं उरली असताना सिनसिनाटी पुढे होतं. मग सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक जो मोंटानाने ९२ यार्ड मैदान कापत नेलं आणि ३४ सेकंद बाकी असताना सामना २०–१६ असा हिरावून घेतला. वॉल्श यांचा एनएफएलमधला तो निरोपाचा सामना. लेबो दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला लागले असणार, कारण पुढची जवळपास तीन दशकं ते हीच आखणी घासूनपुसून लख्ख करत राहिले.

१९९२ मध्ये ते पिट्सबर्गला आले आणि १९९५ मध्ये बचावाचे प्रमुख झाले. नंतर सिनसिनाटीत परतल्यावर २००० ते २००२ मुख्य प्रशिक्षकपद मिळालं: १२ विजय, ३३ पराभव. पद गेलं. पासष्टी गाठलेल्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. पण एक वर्ष बफेलोत काढून २००४ मध्ये ते पिट्सबर्गला परतले, आणि त्यांचा खरा सुवर्णकाळ तेव्हा सुरू झाला. दोन सुपर बोल जिंकले. २००८ च्या हंगामात सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव त्यांचाच होता.

त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, १ फेब्रुवारी २००९ ला टँपामध्ये, मध्यंतराला काही सेकंद उरले असताना ॲरिझोना गोलरेषेच्या दारात उभं होतं. पिट्सबर्गचा बचावपटू जेम्स हॅरिसनने धावून जायचं असं ठरलं होतं. त्याने झटपट फेकीचा अंदाज बांधला, पुढे आल्याचं दाखवलं आणि मागे सरला. ॲरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरची फेक थेट त्याच्या हातात आली. हॅरिसनने १०० यार्ड धावून टचडाउन केलं. आखणी मोडून त्याने जे केलं, ते लेबोंच्या शिकवणीचंच फळ होतं. शिष्य गुरूसारखा विचार करू लागतो, तेव्हा प्रशिक्षण पूर्ण होतं असं मी मानते.

खेळाडू त्यांना वडिलांसारखे मानत. नाताळच्या आठवड्यात लेबो ‘ए व्हिजिट फ्रॉम सेंट निकोलस’ ही कविता संघासमोर तोंडपाठ म्हणत आणि ते धिप्पाड गडी मुलांसारखे ऐकत बसत. २००७ मध्ये कँटनला सामना होता. तिथेच खेळाचं हॉल ऑफ फेम आहे आणि लेबोंना तोवर त्यात जागा मिळाली नव्हती. त्या दिवशी स्टीलर्सचे बचावपटू लेबोंची डेट्रॉइटची ४४ क्रमांकाची जर्सी घालून आले. निवड झाली ती २०१० मध्ये, खेळणं सोडून ३८ वर्षं झाल्यावर. पण तीही खेळाडू म्हणून.

हे मला पटत नाही. ६२ फेकी पकडणारा मोठा खराच. पण इतरांना पकडायला शिकवणारा त्याहून मोठा. फेब्रुवारी २०११ मध्ये पिट्सबर्ग ग्रीन बेकडून सुपर बोल हरलं, तेव्हा ग्रीन बेच्या बचावाचे प्रमुख होते डॉम केपर्स. तेही नव्वदच्या दशकात लेबोंसोबत पिट्सबर्गला घडले होते. दोन्ही बाजूंना एकाच घराण्याची विद्या उभी होती. आज झोन ब्लिट्झ जवळजवळ प्रत्येक संघाच्या आखणीत आहे. अशा माणसाची नोंद त्याच्या खऱ्या कामाने व्हायला हवी. आपल्याकडेही स्पर्धेचा वृत्तांत लिहिताना चढाईचे गुण मोजून झाले की एक ओळ त्या पकडी शिकवणाऱ्यासाठी ठेवावी. त्या एका ओळीवर त्याचा हक्क आहे.