पाहुणे कामगार आणि ऱ्हाईनचे दोन काठ

आज युरोपात जाऊया, पण राजेरजवाडे आणि महायुद्धं बाजूला ठेवून. आजची गोष्ट आहे कारखान्यात कामाला गेलेल्या तुर्की माणसांची, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या पोरांची.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. ऱ्हाईन नदी. एका काठावर फ्रान्सचं स्ट्रासबर्ग शहर, समोरच्या काठावर जर्मनीचं केल हे छोटं गाव. मधे पूल आहे, आणि २०१७ पासून त्यावरून ट्रामही जाते. म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात जायला काही मिनिटं पुरतात. गेल्या साठेक वर्षांत या नदीच्या दोन्ही बाजूंच्या देशांमध्ये तुर्कस्तानच्या खेड्यापाड्यांतली कुटुंबं येऊन राहिली. भाषा तीच, धर्म तोच, आईबापांचं शिक्षण जेमतेम प्राथमिक शाळेपर्यंतचं. मग पुढच्या पिढीचं दोन्हीकडे सारखंच झालं असेल ना?

नाही झालं. आणि का नाही झालं, हाच आजचा विषय.

सुरुवात करू १९५५ पासून. दुसऱ्या महायुद्धातून उठलेल्या पश्चिम जर्मनीचे कारखाने जोरात चालले होते आणि माणसं कमी पडत होती. सरकारनं पहिला करार इटलीशी केला. १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारी माणसं थांबली. ३० ऑक्टोबर १९६१ ला तुर्कस्तानशी करार झाला. पुढे फ्रान्स, स्वीडन, नेदरलँड्स, बेल्जियम आणि ऑस्ट्रियानंही तुर्कस्तानशी असेच करार केले, पण सगळ्यात जास्त माणसं गेली ती जर्मनीत.

या कामगारांना जर्मनीत नाव पडलं ‘गास्टआर्बायटर’. म्हणजे पाहुणा कामगार. शब्द ऐकायला गोड आहे, पण नीट विचार करा. पाहुण्याला आपण चहा देतो, जेवू घालतो, पण घराची किल्ली देत नाही. पाहुणा जाणार, हे दोन्ही बाजूंनी गृहीत असतं.

इस्तंबूलमध्ये जर्मन भरती कार्यालय होतं. तिथं डॉक्टर दात बघायचे, लघवी तपासायचे, छातीचा एक्सरे काढायचे. पास झालेला माणूस सिर्केजी स्टेशनवरून रेल्वेत बसायचा आणि दोन-तीन दिवसांनी म्युनिकच्या ११ नंबर फलाटावर उतरायचा. फलाटाखाली युद्धकाळातला एक बंकर होता. तिथं नावं घेऊन, खायला देऊन त्यांना वेगवेगळ्या शहरांत रवाना करायचे. राहायला कंपनीचं वसतिगृह, एका खोलीत चार-सहा खाटा. तुर्की करारात सुरुवातीला दोन वर्षांची मर्यादा होती: दोन वर्षं काम करा, परत जा, तुमच्या जागी दुसरा येईल.

ही अट टिकली नाही. कारण सोपं आहे. हाताला काम बसलेला, यंत्र ओळखणारा माणूस घरी पाठवून नवा का शिकवायचा, असं कारखानदारच म्हणाले. १९६४ मध्ये ती मर्यादा काढून टाकली. नियम बदलला, पण ‘पाहुणा’ हा शब्द तसाच राहिला.

मग १९७३ उजाडलं. तेलसंकट आलं आणि २३ नोव्हेंबरला जर्मनीनं नवी भरती बंद केली. १९५५ ते १९७३ या काळात सगळ्या देशांतून मिळून सुमारे १ कोटी ४० लाख माणसं जर्मनीत कामाला आली होती आणि त्यातली सुमारे १ कोटी १० लाख परतही गेली होती. पण भरतीबंदीनंतर उरलेल्या तुर्की कामगारांपुढे पेच पडला. आता गावी गेलो तर परत येता येणार नाही. मग त्यांनी उलटं केलं. बायकापोरांनाच बोलावून घेतलं. बंदी आणली होती माणसं कमी व्हावीत म्हणून, आणि तिच्यामुळेच कुटुंबं कायमची वसली.

पण सरकारला हे मान्य करायचं नव्हतं. आपला देश स्थलांतरितांचा देश नाही, ही अधिकृत भूमिका पुढची अनेक वर्षं कायम होती. बायर्न राज्यात तर तुर्की मुलांसाठी तुर्की भाषेतले वेगळे वर्ग भरवले गेले. ही मुलं उद्या परत जाणार, मग तिकडच्या शाळेत त्यांना अडचण नको, असा त्यामागचा हिशोब. १९८३ मध्ये कायदा झाला: देश सोडून जा आणि १०,५०० मार्क घ्या, वर प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क. काही लोक गेले. बहुतेक राहिले.

आता मराठीत एक गंमत आहे. परक्या माणसाबद्दल बोलताना आपण दोन क्रियापदं वापरतो. एक ‘मिसळून जाणं’ आणि दुसरं ‘सामावून घेणं’. मिसळून जायचं काम आलेल्यानं करायचं. सामावून घ्यायचं काम घरच्यांनी. युरोपातल्या वादांत पहिल्याबद्दल भरपूर बोललं जातं: हे लोक मिसळत का नाहीत, भाषा का शिकत नाहीत, आपापल्या गल्लीत का राहतात. दुसऱ्याबद्दल कमी बोललं जातं. म्हणून ते जरा तपासून बघू.

२००७-०८ च्या सुमारास ‘टाइज’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. युरोपातले ८ देश, १५ शहरं, आणि १८ ते ३५ वयाची, तिथंच जन्मलेली स्थलांतरितांची मुलं. त्यात तुर्की आईबापांची मुलं होती, तशी मोरोक्को आणि जुन्या युगोस्लाव्हियातून आलेल्यांचीही होती. अभ्यासकांनी तुर्की घरांमधल्या, आईबाप कमी शिकलेल्या मुलांची देशागणिक तुलना केली. फ्रान्स आणि स्वीडनमध्ये यातली बरीच मुलं कॉलेज-विद्यापीठापर्यंत पोचली होती. जर्मनीत फारच थोडी.

संस्कृतीचा दोष म्हणावा तर संस्कृती तीच होती. मग फरक कुठून आला? शाळेच्या वेळापत्रकातून.

फ्रान्समध्ये जवळपास प्रत्येक मूल तिसऱ्या वर्षी बालशाळेत जातं. शाळा दिवसभर असते. म्हणजे घरी तुर्की बोलणारं पोरगं अक्षरं गिरवायच्या आधी तीन वर्षं फ्रेंच ऐकतं, फ्रेंचमध्ये भांडतं, फ्रेंचमध्ये रडतं. १९७५ च्या कायद्यानं माध्यमिक शाळाही सगळ्यांना एकच केली, साधारण पंधराव्या वर्षापर्यंत. स्वीडनमध्येही नऊ वर्षांची शाळा सगळ्यांना सारखीच.

जर्मनीत त्या काळात काय होतं? बालवाडी सक्तीची नव्हती आणि बरीच तुर्की मुलं तिथं उशिरा जायची किंवा जायचीच नाहीत. शाळा अर्ध्या दिवसाची, दुपारी पोरं घरी. अभ्यास घ्यायला आईबापांनी बसायचं. पण ज्या आईबापांना जर्मन येत नाही, त्यांनी काय करायचं? आणि बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांची वाटणी व्हायची. हुशार ठरलेली ‘गिम्नाझियम’मध्ये, तिथून विद्यापीठ. मधली ‘रेआलशूले’त. बाकीची ‘हाउप्टशूले’त, तिथून हातकामाच्या नोकऱ्या. म्हणजे सहाव्या वर्षी जर्मन धड ऐकायला लागलेल्या मुलाला चार वर्षांत सिद्ध करायचं की तो डॉक्टर होऊ शकतो. आपल्याकडे दहावीच्या निकालाचं किती टेन्शन असतं बघा. इथं तोच निकाल चौथीत लागायचा.

एक नाव तुम्ही कोविडच्या काळात ऐकलं असेल: उगुर शाहिन, बायोएनटेक कंपनीचे संस्थापक. जन्म तुर्कस्तानातल्या इस्केंदेरुनचा. वडील कलोनमध्ये फोर्डच्या कारखान्यात कामाला. उगुर चार वर्षांचा असताना जर्मनीत आला. चौथीनंतर त्याच्या शिक्षकांनी शिफारस केली हाउप्टशूलेची. शेजारी राहणाऱ्या एका जर्मन माणसानं मधे पडून त्याला गिम्नाझियममध्ये घालायला लावलं. पुढे तो डॉक्टर झाला, संशोधक झाला, आणि त्याच्या कंपनीची लस जगभर टोचली गेली. ही गोष्ट लोक अभिमानानं सांगतात. मला मात्र ती ऐकली की ज्यांच्या शेजारी तसा माणूस राहत नव्हता ती मुलं आठवतात.

शाळेइतकाच दुसरा प्रश्न कागदाचा. जर्मनीचा नागरिकत्वाचा कायदा १९१३ चा होता आणि तो रक्ताच्या नात्यावर चालायचा. बर्लिनमध्ये जन्मून, बर्लिनमध्ये शिकून, बर्लिनमध्ये म्हातारा झालेला माणूसही परदेशीच राहू शकत होता. फ्रान्समध्ये जन्मलेलं, तिथंच वाढलेलं मूल अठराव्या वर्षापर्यंत फ्रेंच नागरिक होतं. स्वीडननं १९७३ मध्ये परदेशी कामगारांना कामाच्या वेळेत, पगारासकट २४० तास स्वीडिश शिकायचा हक्क दिला आणि १९७६ पासून, तीन वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्कही दिला. कोन्या प्रांतातल्या कुलू गावातून खूप लोक स्वीडनला गेले. त्या गावात आज स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या नावाची बाग आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे फ्रान्स-स्वीडन चांगले आणि जर्मनी वाईट? थांबा. गोष्ट इतकी सरळ नाही.

फ्रान्सनं शाळा दिली, पासपोर्ट दिला, पण नोकरीच्या वेळी हात आखडला. पदवी आहे, भाषा अस्खलित आहे, पण अर्जावरचं नाव आणि पत्ता बघून उत्तरच येत नाही, ही तक्रार तिथं जुनी आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये पॅरिसजवळ क्लिशी-सू-ब्वा इथं पोलिसांपासून पळणारी दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात शॉक लागून गेली आणि पुढचे तीन आठवडे देशभरातल्या उपनगरांत गाड्या जळत होत्या. रस्त्यावर उतरलेली बहुतेक पोरं फ्रान्समध्येच वाढलेली होती. त्यांचा राग परकेपणाचा नव्हता. आम्ही तुमचेच आहोत असं शाळेत शिकवलंत, मग दारात का उभं करत नाही, असा होता. स्वीडनमध्येही पुढे शहराबाहेरच्या वसाहतींमध्ये स्थलांतरित एकवटत गेले आणि नव्यानं आलेल्यांना काम मिळणं अवघड झालं.

उलट जर्मनीत, हाउप्टशूलेत गेलेल्या मुलालाही एक वाट होती: ‘आउसबिल्डुंग’. म्हणजे कारखान्यात किंवा दुकानात शिकाऊ म्हणून काम आणि सोबत शाळा, महिन्याला थोडा पगार, शेवटी सर्टिफिकेट. तुर्की पोरांना ही जागा मिळवणंही जर्मन पोरांपेक्षा जड जायचं. पण ज्यांना मिळाली ते कामाला लागले. विद्यापीठ नाही, पण घर चाललं.

म्हणजे प्रत्येक देशानं काही दिलं आणि काही हातचं राखलं. आणि ज्यानं जे दिलं, तसं त्या पिढीचं झालं.

जर्मनी बदलली, पण फार उशिरा, आणि त्याची किंमत मोजून. मे १९९३ मध्ये झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवून दिलं गेलं. पाच जणी मेल्या, त्यात लहान मुलीही होत्या. २००० पासून नवा नागरिकत्व कायदा आला आणि काही अटींवर जर्मनीत जन्मलेलं मूल जर्मन ठरू लागलं. २००१ च्या अखेरीस ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. मुलाचे गुण त्याच्या घरच्या परिस्थितीवर सगळ्यात जास्त ठरणाऱ्या देशांत जर्मनी होती. देश हादरला. दिवसभराच्या शाळांसाठी ४ अब्ज युरोंची योजना आली. २००५ पासून सरकारी खर्चाचे भाषावर्ग सुरू झाले. जून २०२४ पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि जुना पासपोर्ट सोडायची सक्ती राहिलेली नाही. पहिला तुर्की कामगार आला १९६१ च्या करारानं. मधे ६३ वर्षं गेली. त्यातले कित्येकजण हा कायदा बघायला उरलेच नाहीत.

हे सगळं मी आज का सांगतोय? केल गाव ज्या राज्यात आहे, त्याचं नाव बाडेन-व्युर्टेंबर्ग. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं याच राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, प्लंबर असे सुरुवातीला १० हजार जण, असं तेव्हा जाहीर झालं. तुमच्यापैकी कुणी जर्मनच्या क्लासला जात असेल. कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण जात असेल.

जरूर जा. मी घाबरवत नाहीये. १९६१ ची जर्मनी आता नाही. पण माहिती देणाऱ्या एजंटाला किंवा ऑफिसरला आपण एकच प्रश्न विचारतो: पगार किती? तुर्की कामगारांनीही तोच विचारला होता, कारण त्यांनाही वाटत होतं की दोन वर्षांत परत यायचं आहे. म्हणून आणखी चार प्रश्न विचारून ठेवा. माझी इथली पदवी तिकडे धरतात का, आणि त्याला किती महिने लागतात? भाषा शिकायला कामाच्या वेळेतून सुट्टी मिळते का? नवरा-बायकोला सोबत नेता येतं का, आणि तिला किंवा त्याला काम करता येतं का? आणि चौथा, जो आज तुम्हाला लांबचा वाटेल: मूल झालं तर ते कितव्या वर्षी शाळेत जाईल, आणि त्याची वाटणी कितव्या वर्षी होईल?

या चौथ्या प्रश्नाचं उत्तर राज्यागणिक वेगळं असू शकतं. म्हणजे तिथं पोचल्यावर नाही, इथून निघायच्या आधी विचारायचा प्रश्न आहे तो.