मार्शमेलोच्या आधीचा खाऊ

तुम्ही मुलांच्या स्वनियमनावर प्रस्ताव लिहायला घेतलात की पहिला परिच्छेद ठरलेला असतो : १९६० च्या दशकाचा शेवट, स्टॅनफर्डची बिंग नर्सरी, वॉल्टर मिशेल, एक मार्शमेलो. थांबलास तर दोन. मीही तसाच लिहिला होता. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, ‘त्याआधी मुलं थांबत नव्हती का?’

चिडचिड झाली. पण मग मागे जावं लागलं, थेट १९०७ च्या रोमपर्यंत. सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं. तिथला शांततेचा खेळ बघा. मुलं अगदी निश्चल बसतात, शेजारच्या खोलीतून बाई कुजबुजत एकेकाचं नाव घेतात, ज्याचं नाव येईल ते आवाज न करता उठून जातं. म्हणजे ज्याचं नाव शेवटी, त्याला सगळ्यात जास्त थांबायचं. आमिष हवं म्हणून माँटेसरींनी आधी खाऊ कबूल केला होता. मुलांनी तो नाकारला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मिशेलच्या कितीतरी आधी खाऊ समोर होता आणि मुलांना तो नको होता!

एका शिक्षिकेची आठवण म्हणजे प्रयोग नव्हे, हे मान्य. पण यातून प्रश्न बदलतो. मूल किती वेळ थांबतं यापेक्षा ते कशासाठी आणि कुणाच्या भरवशावर थांबतं?

मी बाळकुमला राहते. हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यात विचारला गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करून आलेल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबत होत्या. (बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. जुने कागद शोधताना हे विसरू नका, चुकीच्या कपाटात दिवस जातो.) वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी बिया, पानं, शंखशिंपले आले. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथे गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

मला खरी गंमत वाटते ती इथे. जे मूल दिवसभर गुरांवर लक्ष ठेवतं, त्याला आपण ‘लक्ष टिकत नाही’ कसं म्हणणार? बिघाड मुलात आहे असं धरून न चालता या दोघींनी शाळेची जागा आणि वेळ बदलली.

२०१७ मध्ये बेटिना लाम आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांतल्या चार वर्षांच्या मुलांची मार्शमेलोसारखीच चाचणी घेतली. जर्मन मध्यमवर्गीय मुलांपेक्षा ती कितीतरी जास्त थांबली. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी अमेरिकेतला मोठा नमुना तपासला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराच रोडावला.

तेव्हा संदर्भ शोधताना ‘स्वनियमन’ हा शब्द टाकून थांबू नका. जुन्या मराठी लिखाणात तो सापडणार नाही. ‘शिस्त’, ‘स्वयंस्फूर्ती’, ‘एकाग्रता’, ‘स्वावलंबन’ टाकून बघा. माझ्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद आता बोर्डीच्या अंगणात सुरू होतो. मिशेल चौथ्या पानावर येतात.