आयटीच्या पदवीत नेमके काय शिकवतात? एका अभ्यासक्रमाचे थर

प्रस्तावना

महाराष्ट्रातून बंगळूरला इंजिनिअरिंगसाठी आलेल्या मुलांचा पहिला गोंधळ शाखेच्या नावापासून सुरू होतो. पुण्या-मुंबईत ज्या शाखेला ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ म्हणतात, तिच्या जवळची शाखा इथे ‘इन्फर्मेशन सायन्स अँड इंजिनिअरिंग’ या नावाने असते. मुलांच्या बोलण्यात नुसते ‘आयएस’. जे. पी. नगरातल्या वर्गात मी जो अभ्यासक्रम शिकवते, तो ठरतो सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या बेळगावात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे, म्हणजे व्हीटीयूचे, मुख्यालय तिथे आहे.

मुलांचे प्रश्न मात्र दरवर्षी तेच असतात. आयटीला सिव्हिल कशाला? डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स कशाला? सहाव्या सत्रात कुणीतरी विचारतेच, “मॅडम, फाइल स्ट्रक्चर्स आता कोण वापरतं?” या प्रश्नांचे उत्तर इतिहासात आहे. हा अभ्यासक्रम कुणी एका बैठकीत आखलेला नाही. तो थरावर थर चढत तयार झाला आहे, आणि प्रत्येक थराला त्याचा काळ आहे. नमुना म्हणून व्हीटीयूची 2018ची स्कीम घेऊ.

पहिला थर: इंजिनिअरची पदवी

या स्कीममध्ये पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्याबरोबर सिव्हिल इंजिनिअरिंगची मूलतत्त्वेही होती. हा साचा संगणकाच्या फार आधीचा आहे. भारतात इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू झाले ते रस्ते, कालवे, पूल बांधणारी माणसे हवी होती म्हणून: रुरकीला 1847 मध्ये, पुण्यात 1854 मध्ये. ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाल्यावर पुण्यातच स्थापत्य शिकले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावरचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. आपली पदवी ‘बी.ई.’ आहे, म्हणून तिच्यात हा थर राहिला.

दुसरा थर: यंत्र

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक 1960 मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती 40 बिटांच्या 2,048 शब्दांची, म्हणजे जेमतेम 10 किलोबाइटची होती. आज मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. त्या काळी संगणक वापरायचा तर आधी तो बांधावा लागे. गेट, फ्लिप-फ्लॉप, स्मृतीची रचना हे तेव्हा कामाचे ज्ञान होते. आपल्या तिसऱ्या सत्रातले डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन हे त्याच थराचे विषय.

तिसरा थर: प्रोग्रॅम आणि सिद्धांत

आयआयटी कानपूरमध्ये 1963 मध्ये आयबीएम 1620 हा संगणक आला. तिथे एच. के. केसवन, व्ही. राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना फोरट्रान शिकवायला सुरुवात केली. बाहेरच्या लोकांसाठीही छोटे वर्ग घेतले. यंत्र बांधणे आणि यंत्राकडून काम करून घेणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे इथे रुजले. 1968 मध्ये एसीएम या अमेरिकी संघटनेने संगणकशास्त्राचा नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि डेटा स्ट्रक्चर्स हे विषय तेव्हापासून या विद्येच्या गाभ्यात आहेत. राजारामन 1982 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. एमसीए ही पदवी सुरू करण्याची शिफारस त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीची.

चौथा थर: माहिती

इथे आपली शाखा स्वतःच्या पायावर उभी राहते. 2018च्या स्कीमचे सहावे सत्र पाहा. कॉम्प्युटर सायन्सला ‘सिस्टिम सॉफ्टवेअर अँड कंपायलर्स’ आणि ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ आहे. त्याच जागी आयएसला ‘फाइल स्ट्रक्चर्स’ आणि ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग’. बाकी बरेच विषय सारखेच. दोन शाखांमधला फरक शोधायचा तर तो अशा मोजक्या विषयांत सापडतो. एकीकडे भर यंत्राची भाषा समजण्यावर, तर दुसरीकडे माहिती साठवणे, शोधणे आणि तयार प्रणालीवर भरवसा ठेवता येईल असे करणे यावर.

फाइल स्ट्रक्चर्सचा उगम डिस्कमध्ये आहे. आयबीएमने 1956 मध्ये चुंबकीय डिस्क असलेला ‘रॅमॅक’ बाजारात आणला. टेपवर नोंद शोधायची तर सुरुवातीपासून गुंडाळत जावे लागे; डिस्कवर हव्या त्या जागी थेट जाता येऊ लागले. पण स्मृतीच्या मानाने डिस्क फार मंद. मग डिस्कवरचे वाचन कमीत कमी वेळा कसे करायचे? बोइंगमध्ये काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्रेट यांनी 1970च्या सुमारास ‘बी-ट्री’ मांडला. हिशेब सोपा आहे. प्रत्येक टप्प्यावर दोनच वाटा असतील, तर 80 लाख नोंदींतून एक शोधायला सुमारे 23 टप्पे लागतात. प्रत्येक टप्प्यावर 200 वाटा ठेवल्या तर 200 × 200 × 200 म्हणजे 80 लाख. तीन टप्प्यांत काम होते.

त्याच 1970 मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले, ज्यावर आपला डीबीएमएसचा पेपर उभा आहे. आज मायएसक्यूएलमध्ये इंडेक्स तयार केला की आत बी-ट्रीचेच भावंड काम करते. तेव्हा “कोण वापरतं?” याचे उत्तर: रोज आपण सगळेच, फक्त ते दिसत नाही.

पाचवा थर: बाजार

1998 हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कार्यदल नेमले; त्याच वर्षी व्हीटीयू स्थापन झाले आणि बंगळूरची बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजे त्याच्या छत्राखाली आली. वायटूकेच्या कामामुळे कंपन्यांना माणसे हवी होती. आयटी आणि आयएसच्या जागा झपाट्याने वाढल्या. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, वेब, टेस्टिंग, व्यवस्थापन या विषयांचे वजन याच काळात वाढले.

मीही तेव्हाच महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात प्रवेश घेतला, तो शाखेचे नाव पाहून. आम्ही 2002 मध्ये बाहेर पडलो तेव्हा डॉट-कॉमचा फुगा फुटलेला होता. हातात आलेली कॅम्पसची ऑफर आधी पुढे ढकलली गेली, नंतर कंपनीकडून पत्रच आले नाही. वर्षभर घरी बसले. त्या वर्षी उपयोगी पडला तो डेटा स्ट्रक्चर्सचा अभ्यास. गेटची परीक्षा त्याच्या बळावर निघाली. चौथ्या वर्षी ज्या टूलवर दोन महिने घालवले होते, ते तोवर बाजारातून गेले होते.

आजचा थर

2020 नंतर ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड मशीन लर्निंग’ नावाच्या शाखांकडे तशीच रांग लागली आहे. विषय खरा आहे, पण तो कालचा नाही: त्याला नाव मिळाले 1956 मध्ये, आणि त्याचा पाया रेषीय बीजगणित आणि संभाव्यता, म्हणजे पुन्हा गणित. ज्या पेपरमध्ये ‘कसेबसे पास’ व्हायचे असे मुले ठरवतात, तोच शेवटच्या वर्षी परत समोर येतो.

सारांश

शाखेचे नाव प्रवेशाच्या वर्षीच्या बाजारावरून पडते. तुम्ही बाहेर पडता चार वर्षांनी. त्यामुळे स्कीम हातात आली की प्रत्येक विषयापुढे तो कोणत्या थराचा, हे लिहा. वरच्या थरातले टूल नोकरीच्या पहिल्या वर्षी लागते, म्हणून तेही मन लावून शिका. खालच्या थरातले मात्र परीक्षा झाली म्हणून सोडून देऊ नका.

स्वाध्याय

1. तुमच्या चालू सत्रातील विषयांची थरांनुसार विभागणी करा.
2. प्रत्येक टप्प्यावर 100 वाटा असतील, तर 10 लाख नोंदींसाठी बी-ट्रीचे किती टप्पे लागतील?
3. तुमच्या विद्यापीठातील संगणकशास्त्र आणि आयटी या शाखांत नेमके कोणते विषय वेगळे आहेत? त्यांतून शाखेचा कोणता हेतू दिसतो?