सत्त्याहत्तर क्रमांकाचे कार्ड : प्रस्तावना

अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच असा पुठ्ठ्याचा एक तुकडा. १९५७-५८च्या हंगामात ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने तो बबलगमच्या पाकिटात घालून विकला. त्यावर बॉस्टन सेल्टिक्सचा बास्केटबॉलपटू बिल रसेल आहे, क्रमांक ७७. कार्ड उलटले की मागच्या हंगामाचे आकडे, थोडा परिचय आणि एक लहानशी आकृती दिसते : शाळकरी पोराशेजारी हा खेळाडू किती उंच भरेल, हे दाखवणारी. हे कार्ड कोणासाठी छापले होते, ते एवढ्यावरून कळते.

जुन्या बास्केटबॉल कार्डांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला मी रसेलपासून सुरुवात करायला सांगतो. तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवणाऱ्या या माणसाच्या कार्डांचे ढीग असायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच्या कारकिर्दीत देशभर पाकिटांतून विकले गेलेले संच दोनच. १९४८मध्ये बोमनने ७२ कार्डे काढली, त्यानंतर जवळजवळ दशकभर या खेळाकडे कोणत्याही मोठ्या कंपनीने पाहिले नाही. टॉप्सने ८० कार्डांचा संच काढला आणि एका हंगामातच हात आखडता घेतला. १९६१-६२मध्ये फ्लीअरने ६६ कार्डे आणली, तीही एकदाच. टॉप्स पुन्हा मैदानात उतरली ती १९६९-७०मध्ये, आणि तोवर रसेल निवृत्त झाला होता. पोरांच्या खिशातली नाणी बेसबॉलच्या पाकिटांवर खर्च होत होती. आपल्याकडे ‘बिग फन’ गमच्या वेष्टनातली क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी जमवली, त्यांना हा हिशोब वेगळा समजावून सांगायला नको. गम खपवण्यासाठी चित्र होते आणि चित्र त्याच खेळाडूंचे, ज्यांच्यासाठी पोरे हट्ट धरतील.

या पोकळीमुळे संग्राहकांचा लाडका शब्द, ‘रूकी कार्ड’ (खेळाडूचे पहिले कार्ड), जपून वापरावा लागतो. बॉब कूझी १९५०पासून खेळत होता, पण त्याचे रूकी कार्ड मानले जाते ते याच १९५७-५८च्या संचातले. म्हणजे हा शब्द खेळाडूच्या पदार्पणापेक्षा छापखान्याचे वेळापत्रक अधिक सांगतो.

कार्डाची पारख हा या पुस्तकाचा मोठा भाग आहे आणि तो घाईने वाचू नये. १९५७-५८च्या संचाच्या मोठ्या तावावर काही खेळाडू दोनदा छापले गेले, काही एकदाच. रसेल एकदाच छापलेल्यांत मोडतो. त्या संचाची कापणीही ढिसाळ. एका बाजूची पांढरी पट्टी जाड, दुसरीकडची नावापुरती, आणि रंगीत पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके. चारही कडा तंतोतंत सरळ आणि कोपरे धारदार दिसले, तर आनंदाआधी मोजपट्टी काढा. वाकलेले कोपरे लपवण्यासाठी कडा कातरण्याची खोड जुनी आहे. १९९१पासून पीएसए ही कंपनी कार्डे तपासून, एक ते दहा अशी श्रेणी देऊन प्लास्टिकच्या पेटीत बंद करते. त्याने व्यवहार सोपा झाला हे खरे. तरीही पेटीवरचा आकडा पाहून थांबणाऱ्याने कार्ड पाहिले, असे मी म्हणणार नाही.

कार्डामागचे आकडेही नीट वाचायला हवेत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून रसेल डिसेंबरात सेल्टिक्समध्ये आला, म्हणून त्या हंगामातल्या ७२पैकी ४८ सामन्यांतच तो खेळला. सामन्यामागे १९.६ रिबाउंड ही त्याची सरासरी. पण त्याची खरी कला म्हणजे समोरच्याचा फटका हवेतच अडवणे, आणि त्या फटक्यांची नोंद एनबीए १९७३-७४पर्यंत ठेवतच नव्हती. ज्यासाठी रसेल रसेल आहे, ते त्याच्या कोणत्याच कार्डाच्या पाठीवर सापडणार नाही.

फ्लीअरच्या संचात तो दोनदा आहे, ३८व्या कार्डावर आणि प्रत्यक्ष खेळताना ६२व्या. ती पाकिटे ज्या हंगामातली, त्याच्याच तोंडावर, ऑक्टोबर १९६१मध्ये, केंटकीतल्या लेक्सिंग्टनला एका हॉटेलच्या कॉफी शॉपने त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना वाढायला नकार दिला. रसेल आणि त्याचे हे साथी त्या रात्रीचा प्रदर्शनीय सामना न खेळता परतले. पुढे त्याने चाहत्यांना सह्या देणेही बंद केले. ते त्याने कित्येक वर्षे पाळले. सहीवाल्या वस्तूंच्या बाजारात वावरताना मला हे फार महत्त्वाचे वाटते. ज्याची सही आपण शोधतो, त्याने ती का नाकारली, हे ठाऊक असायला हवे.

७७ क्रमांकाचे चांगले कार्ड आज बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. त्याने खट्टू होऊ नका. त्याच संचातला आर्नी रायझन शोधा, तो स्वस्तात मिळतो. रसेल आला तेव्हा सेल्टिक्सच्या सेंटरच्या जागेवर रायझन होता. आपली जागा घेणाऱ्या या नवख्या पोराला जवळ बसवून प्रतिस्पर्धी सेंटर कसे खेळतात, ते त्याने शिकवले. माझ्या संग्रहात ती दोन्ही कार्डे एकाच पानावर शेजारी-शेजारी असावीत, असे मला फार वाटते. रायझन आलेला आहे.