इंडेक्स फंड : परतावा काळाच्या कसोटीवर

मुंबई शेअर बाजारातील निवडक ३० कंपन्यांचा निर्देशांक, अर्थात सेन्सेक्स, १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याचे आधारवर्ष १९७८-७९ असून आधारमूल्य १०० आहे. मार्च २०२४ अखेर तो ७३,६५१ वर बंद झाला. म्हणजेच ४५ वर्षांत, लाभांश जमेस न धरताही, वार्षिक चक्रवाढ दर सुमारे १५.८ टक्के पडतो. इंडेक्स फंड निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात बाळगतो. त्यामुळे खर्च वजा जाता त्याचा परतावा निर्देशांकाच्या जवळपास राहतो.

मात्र ही वाटचाल सरळ रेषेतील नाही. ८ जानेवारी २००८ रोजी २०,८७३ वर बंद झालेला सेन्सेक्स ९ मार्च २००९ रोजी ८,१६० पर्यंत कोसळला. जुनी पातळी त्याने नोव्हेंबर २०१० मध्ये गाठली, पण ती टिकली नाही. नव्या उच्चांकासाठी ऑक्टोबर २०१३ उजाडावा लागला. दोन-चार वर्षांत लागणारा पैसा येथे गुंतवणे म्हणूनच इष्ट नव्हे.

फंडाचा खर्चही तपासून घ्यावा. एक लाख रुपये दरसाल १२ टक्क्यांनी वाढल्यास ३० वर्षांत सुमारे ३० लाख होतात. ११ टक्क्यांनी मात्र २२.९ लाखच. एका टक्क्याची किंमत सात लाख रुपये!